कॉमिक्स वाचायचं सॉफ्टवेअर: आधी फाइली, मग रीडर

प्रश्न थोडक्यात असा. वडिलांनी जपलेले साधारण तीनशे अंक घरीच स्कॅन करून झालेत. त्यात इंद्रजालचे मराठी अंक आहेत, अमर चित्र कथा आहे, शिवाय काही इंग्रजी आणि थोडी जपानी मांगा. काही पीडीएफ, काही सीबीआर, काही नुसते जेपीजीने भरलेले फोल्डर. घरात विंडोजचा लॅपटॉप, दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट आणि बहिणीचा आयपॅड. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, कसं लावावं, आणि वडिलांना टॅबलेटवर स्वतःचं स्वतः वाचता येईल असं काय करावं?

सॉफ्टवेअरची नावं खाली देतोच. पण तुम्ही प्रश्न उलट्या टोकाने धरलाय. जुने अंक स्कॅन करण्याचं आणि लावून ठेवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, आणि एवढ्या काळात मी वापरलेला जवळजवळ प्रत्येक रीडर एकतर बंद पडला नाहीतर ओळखू येणार नाही इतका बदलला. विंडोजवरचा कॉमिकरॅक हा एके काळी या धंद्यातला राजा होता. मूळ कर्त्याने तो सोडून दिला, आता हौशी लोक त्याची कम्युनिटी आवृत्ती चालवतात. कॉमिक्सॉलॉजी हे डिजिटल कॉमिक्सचं दुकान ॲमेझॉनने २०१४ साली घेतलं, २०२२ मध्ये किंडलमध्ये मिसळायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते ॲपच मोडीत निघालं. अँड्रॉइडवरचं टाचियोमी हे मांगा वाचायचं ॲप जानेवारी २०२४ मध्ये थांबलं, त्याच्या पोटातून मिहोन निघालं. रीडर येतात आणि जातात. तुमच्या फाइली मात्र तुमच्याच हातात आहेत. त्या अशा बांधून ठेवा, की उद्या कुठलाही रीडर समोर आला तरी त्याने निमूटपणे उघडाव्यात. म्हणून उत्तराचा मोठा भाग फाइलींवर खर्च करणार आहे.

सीबीझेड म्हणजे काय, हे एकदा हाताने बघून घ्या, मग निम्मी भीती जाते. ती एक साधी झिप आहे. आत पानांची चित्रं, बाहेर नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) बदललेलं, बस. सीबीआर म्हणजे तेच, फक्त झिपऐवजी रार, म्हणजे फाइली बांधायची दुसरी पद्धत. यातली गंमत अशी की नावात सीबीआर असलेल्या कित्येक फाइली मुळात झिपच असतात, कोणीतरी शेपूट चुकीचं लावलेलं असतं. संशय आला तर फाइल नोटपॅडमध्ये ओढून टाका. सगळा कचरा दिसेल, पण अगदी सुरुवातीला इंग्रजी पी आणि के ही दोन अक्षरं असतील तर ती झिप. (झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. माणूस गेला, पण जगातल्या बहुतेक झिप फायलींच्या कपाळावर सही ठेवून गेला.) सुरुवात इंग्रजी रार आणि उद्गारचिन्हाने असेल तर ती खरी रार.

खऱ्या रार फाइली ठेवू नका. रार हे खासगी मालकीचं तंत्र आहे. ती उघडायचा कोड फुकट मिळतो, बनवायचा नाही. शिवाय २०१३ साली रारची पाचवी आवृत्ती आली, आणि जुन्या रीडरांना ती उघडता येत नाही. फाइल धडधाकट असते, रीडर मात्र 'खराब आहे' म्हणून हात वर करतो. सगळं सीबीझेडमध्ये आणा, हा विषयच संपतो.

हे करायला सेव्हनझिप पुरतं. फुकट आहे, नवी-जुनी रार दोन्ही उघडतं. आधी विंडोजमध्ये फाइलींची शेपटं दिसतील अशी सोय चालू करा, ती मुळात लपवलेली असतात. सीबीआर एका रिकाम्या फोल्डरमध्ये उघडा, आतली पानं डोळ्यांखालून घाला, सगळी निवडा, उजवी कळ दाबून सेव्हनझिपमधून 'ॲड टू अर्काइव्ह' घ्या. प्रकार झिप, आणि संकोचनाची पातळी 'स्टोअर', म्हणजे न दाबता नुसतं आत ठेवणं. जेपीजी आधीच पिळून काढलेलं असतं. ते पुन्हा पिळून काही हाती लागत नाही, उलट पान उघडताना टॅबलेटला उगाच जास्त काम. मग नावाच्या शेवटी झिपच्या जागी सीबीझेड लिहा. झालं.

आता नावं, कारण सगळ्यात जास्त पाय इथेच घसरतात. पानांना १, २, ३ अशी नावं दिली की काही रीडर त्यांना १, १०, ११, १२, मग २ असं लावतात. इंद्रजालचा वेताळ (म्हणजे फँटम) कवटीच्या गुहेत शिरतो आणि पुढच्याच पानावर घोड्यावरून जंगलात चाललेला असतो. हुशार रीडर आकड्यांची किंमत ओळखून क्रम लावतात, पण त्यांच्या हुशारीवर विसंबू नका. ००१, ००२, ००३ असे तीन आकडी नंबर द्या. आणि हे मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावं: झिपच्या आतली नावं देवनागरीत ठेवू नका. आकडेही इंग्रजीच टाका. झिपमध्ये नाव कोणत्या पद्धतीने लिहिलंय हे सांगणारी एक खूण असते, जुने प्रोग्रॅम ती लावत नसत, आणि मग 'मुखपृष्ठ' या शब्दाच्या जागी चौकोन आणि ग्रीक अक्षरांची भेळ दिसते. देवनागरी १० हा आकडा दहा आहे हेही प्रत्येक रीडरला कळेलच असं नाही. बाहेरचं नाव, म्हणजे अंकाचं, खुशाल मराठीत ठेवा. मी मालिकेचं नाव, मग तीन आकडी क्रमांक, मग गोष्टीचं नाव असं लिहितो, आणि प्रत्येक मालिकेला स्वतंत्र फोल्डर. हा शेवटचा नियम आत्ता क्षुल्लक वाटेल, पुढे सर्व्हरच्या वेळी त्याची किंमत कळेल.

दोन पानांवर पसरलेलं चित्र एकत्र स्कॅन केलं असेल तर त्या फाइलला दोन्ही पानांचे आकडे द्या: ०१४-०१५. आणि जाहिरातीची पानं काढून टाकू नका. मला माहीत आहे, हात शिवशिवतात. पण मधलं एकच पान उडवलं तर तिथून पुढे डावी-उजवी जोडी बिघडते. लॅपटॉपवर दोन पानं शेजारी ठेवून वाचताना जोडचित्राचा डावा अर्धा या पडद्यावर आणि उजवा पुढच्या पडद्यावर जातो. शिवाय त्या गोळ्या-बिस्किटांच्या जाहिराती हा जुन्या अंकांचा अर्धा आनंद असतो. वडिलांना विचारून बघा.

एक चूक माझी सांगतो, ती करू नका. एकदा दोनेकशे सीबीआर एका दमात सीबीझेडमध्ये बदलल्या आणि जागा मोकळी करायच्या घाईत मूळ फाइली पुसल्या. महिन्याभराने वाचायला बसलो तर तीन अंकांत मधल्या पानांचा खालचा भाग नुसता राखाडी. मूळ फाइली उघडताना कुठेतरी अडखळल्या होत्या, एका खिडकीत तसा इशाराही आला असणार. मी तोवर चहा प्यायला गेलो होतो. आता मी आधी सेव्हनझिपचं 'टेस्ट' चालवतो. झिपमध्ये प्रत्येक पानाची एक पडताळणीची संख्या साठवलेली असते, त्यामुळे आतलं एक पान जरी किडलं तरी टेस्ट बोट दाखवतं. फोल्डरातल्या सगळ्या फाइली एकदम निवडून टेस्ट करता येते. वर्षातून एकदा बाहेरच्या डिस्कवरच्या प्रतींवरही चालवतो.

पीडीएफ. बहुतेक रीडर ती उघडतात, पण रडतखडत. पानं हळू येतात आणि कडा कापायच्या सोयी धड चालत नाहीत. आतली चित्रं बाहेर काढा, पण पडद्याचा फोटो काढून किंवा 'जेपीजीमध्ये बदला' म्हणणाऱ्या वेबसाइटवर चढवून नाही, त्यात चित्र पुन्हा एकदा पिळलं जातं. पॉपलर नावाच्या संचात पीडीएफइमेजेस म्हणून एक छोटं साधन आहे. ते आतलं जेपीजी जसंच्या तसं उचलून बाहेर ठेवतं. कमांड टाइप करावी लागते, पण एकदा जमली की तीनशे अंकांना तीच.

स्कॅन तर झालेत, त्यामुळे त्यावर फार बोलत नाही. फक्त एखादा अंक पुन्हा करायची वेळ आली तर ३०० डीपीआयच्या (दर इंचाला ३०० बिंदूंच्या) खाली जाऊ नका. जुनी रंगीत छपाई बारीक ठिपक्यांची असते. १५० डीपीआयला स्कॅन केलं की ते ठिपके आणि स्कॅनरची जाळी एकमेकांत अडकून चेहऱ्यांवर नक्षी उमटते, आणि ती नंतर कशानेही पुरती जात नाही. कागदाचा पिवळेपणा मात्र फाइलमध्ये घासूनपुसून काढू नका. ते काम रीडरकडून वाचताना करून घ्यायचं, म्हणजे मूळ शाबूत राहतं.

आता लॅपटॉप. विंडोजवर मी याकरीडर सुचवतो. खुला आहे, फुकट आहे, मॅक आणि लिनक्सवरही चालतो. बसवला की दोन प्रोग्रॅम येतात: एक वाचायचा, एक लायब्ररीचा. लायब्ररीला तुमचा मुख्य फोल्डर दाखवा. ती मुखपृष्ठं काढते, कुठला अंक कुठपर्यंत वाचला ते लक्षात ठेवते, आणि हे सगळं त्याच फोल्डरमध्ये एका लपलेल्या उपफोल्डरात साठवते. तुमच्या अंकांना हात लावत नाही, आणि मला तो आवडण्याचं मुख्य कारण हेच. तो उपफोल्डर 'हे काय आलंय' म्हणून पुसू नका. आणि लायब्ररी अशा क्लाउड फोल्डरवर उभी करू नका, जिथे फाइली नावापुरत्या दिसतात आणि उघडल्यावर उतरतात. मुखपृष्ठं काढण्याच्या नादात सगळेच्या सगळे अंक उतरायला लागतात. ३०० डीपीआयचा बत्तीस पानी अंक कव्हरांसकट पन्नास-पंचावन्न एमबी होतो. तीनशे अंक म्हणजे सोळा जीबीच्या आसपास. घरच्या इंटरनेटला घाम फुटतो.

वाचायच्या प्रोग्रॅममध्ये चार गोष्टी लावा. दोन पानं शेजारी, पण मुखपृष्ठ एकटं. ते एकटं नसेल तर वर सांगितलेला जोडीचा घोळ पहिल्याच पानापासून सुरू. मागचा रंग काळाकुट्ट न ठेवता गडद राखाडी, कारण पिवळ्या कागदाभोवती काळं डोळ्यांना टोचतं. प्रकाश, कॉन्ट्रास्ट आणि गॅमा यांच्या पट्ट्या आहेत, त्यात गॅमा किंचित हलवला की फिकटलेली अक्षरं वर येतात. आणि भिंग. जुन्या अंकांत मराठी अक्षरं फुग्यांमध्ये कोंबलेली असतात, जोडाक्षरं तर विचारूच नका. अख्खं पान मोठं करण्यापेक्षा भिंग फिरवणं सोपं. मांगा वाचायची असेल तर उजवीकडून डावीकडे जाण्याची वेगळी सोय आहे, ती फक्त त्या अंकांपुरती लावा. सगळीकडे लागली की वेताळही उलटा चालायला लागतो.

लॅपटॉप जुना आणि दमलेला असेल तर सुमात्रापीडीएफ. एवढासा प्रोग्रॅम, सीबीझेड झटकन उघडतो. लायब्ररी वगैरे काही नाही.

टॅबलेटकडे वळण्याआधी एक हिशेब, कारण 'दहा इंच' हा शब्द फसवा आहे. तुमचे अंक साधारण ७ बाय साडेनऊ इंचाचे असतील. दहा इंची अँड्रॉइड टॅबलेट बहुधा १६:१० मापाचा, लांबुडका असतो. उभा धरला की रुंदी जेमतेम ५.३ इंच, म्हणजे पान मुळाच्या ७६ टक्के दिसतं आणि वर-खाली पट्टे रिकामे राहतात. बहिणीचा आयपॅड जुना ९.७ इंची असेल तर तो ४:३ मापाचा आहे. कागदावर तो लहान, पण त्यावर तेच पान ८२ टक्के दिसतं. सहा टक्क्यांनी काय होतं म्हणाल, तर सत्तरीतल्या डोळ्यांना 'ध' आणि 'घ' यांत फरक करता येतो. म्हणून शक्य असेल तर वडिलांना आयपॅड द्या आणि तुम्ही अँड्रॉइड घ्या. आयपॅडवर पॅनल्स चांगलं आहे, याकरीडरची आयपॅडची आवृत्तीही आहे. तिचा फायदा असा की लॅपटॉपवरच्या लायब्ररीशी ती वायफायवरून बोलते.

आयपॅड मिळणार नसेल तर अँड्रॉइडवर दोन नावं: परफेक्ट व्ह्यूअर आणि मिहोन. मिहोन प्ले स्टोअरवर नाही, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून उतरवावं लागतं. तिथे नाव नीट बघून घ्या, नकली साइट बऱ्याच आहेत. लोक ते ऑनलाइन मांगासाठी वापरतात, पण त्यात 'लोकल सोर्स' म्हणून सोय आहे. मिहोनने तयार केलेल्या फोल्डरात 'लोकल' नावाचा उपफोल्डर असतो, त्यात मालिकेचा एक फोल्डर, आत सीबीझेड. म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे लावलेले फोल्डर उचलून तसेच टाकायचे. 'फाइली टाकल्या पण ॲपला दिसतच नाहीत' ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो. अँड्रॉइड ११ पासून ॲपला कुठलाही फोल्डर आपोआप वाचता येत नाही, तुम्ही त्याला तो फोल्डर बोट दाखवून द्यावा लागतो. ॲपला शिव्या देण्याआधी ती परवानगी तपासा.

टॅबलेट पान उलटताना अडखळत असेल तर तेही सांगून ठेवतो. पानाची फाइल दीड एमबी असली तरी पडद्यावर आणताना ती उलगडावी लागते. २१०० बाय २८५० पिक्सेलचं पान मेमरीत २४ एमबी जागा घेतं. रीडर पुढची-मागची मिळून पाच-सहा पानं तयार ठेवतो. दोन जीबी रॅमचा स्वस्त टॅबलेट तिथे धापा टाकतो. आगाऊ उघडायच्या पानांची संख्या कमी करता येत असेल तर करा, नाहीतर टॅबलेटसाठी पानांची लहान प्रत वेगळी बनवा. मूळ फाइली मात्र लहान करू नका.

ई-इंक, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याच्या उपकरणांबद्दल एकच वाक्य: काळ्या-पांढऱ्या मांगासाठी उत्तम, पण रंगीत ई-इंकचा रंग कॅलिडो ३ नावाच्या पडद्यावरही इंचाला १५० पिक्सेलच उमटतो आणि वेताळाचा जांभळा पोशाख धुवून फिका पडल्यासारखा दिसतो.

घरात सर्व्हर लावावा का? कोमगा आणि कविता ही दोन नावं तुम्ही वाचली असतील. (कविता हे खरंच सॉफ्टवेअरचं नाव आहे, मलाही आधी टायपिंगची चूक वाटली होती.) अंक एका ठिकाणी, आणि घरातल्या प्रत्येक उपकरणावर जिथे सोडलं तिथून पुढे. छान चालतं. पण त्यासाठी एक संगणक कायम चालू हवा, आणि फोल्डरांची शिस्त हवी. कोमगा प्रत्येक फोल्डरला एक मालिका समजतो, सगळे अंक एकाच फोल्डरात टाकले असतील तर तीनशे अंकांची एकच अजस्र मालिका दिसते. तुमच्या घरात तीन माणसं आणि तीन उपकरणं आहेत. तुमच्या जागी मी असतो तर अजून वर्षभर सर्व्हरच्या वाटेला गेलो नसतो. पुढेमागे लावलाच तर राउटरचा दरवाजा उघडून तो बाहेरच्या जगाला दाखवू नका, बाहेरून वाचायचं असेल तर टेलस्केलसारखा खासगी बोगदा वापरा.

माहितीच्या नोंदी, म्हणजे मालिका, क्रमांक, चित्रकार, भाषा, या सीबीझेडच्या आतच कॉमिकइन्फो नावाच्या छोट्या एक्सएमएल फाइलमध्ये ठेवता येतात. ही पद्धत कॉमिकरॅकने आणली. तो प्रोग्रॅम मागे पडला, पण त्याची ही फाइल कोमगा, कविता, मिहोन सगळे वाचतात. कॉमिकटॅगर हा प्रोग्रॅम कॉमिक व्हाइन या कॉमिक्सच्या माहितीच्या वेबसाइटवरून माहिती आपोआप भरतो. इंग्रजी अंकांना ते सुरेख चालतं, मराठी अंक मात्र मला तिथे क्वचितच सापडले. ते हातानेच भरावे लागतील. घाई नाही. मी वाचता वाचता एकेक भरत जातो.

राहता राहिले वडील. त्यांच्या टॅबलेटवर पहिल्या पानावर फक्त रीडर ठेवा, बाकी सगळं मागे. पडदा आपोआप फिरणं बंद करा, खुर्चीत जरा कलंडलं की पान आडवं होतं आणि माणूस वैतागतो. पडद्यावर कुठे टेकवल्यावर काय होतं ते बदलता येतं. मूळ रचनेत डावीकडे बोट लागलं की पान मागे जातं, आणि टॅबलेट डाव्या हाताने धरणाऱ्याचा अंगठा सारखा तिथेच असतो. मिहोनमध्ये टेकवून पान उलटणं पूर्ण बंद करून आवाजाच्या बटणांवर ते काम देता येतं, वयस्कर हातांना ते जास्त मानवतं. पांढऱ्या कडा आपोआप कापायची सोय चालू ठेवा, तेवढीच अक्षरं मोठी होतात. आणि पहिल्याच दिवशी तीनशे अंक भरू नका. ते ज्या अंकाची गोष्ट अजून सांगतात तो एक टाका, शेजारी बसा, आणि कुठे अडतात ते बघा. माझ्या घरी अडलं होतं ते पान उलटण्यापाशी नाही, चार्जरच्या पिनपाशी.